साडेअकरा पौंड ते तीन लाख रुपये : बाबासाहेबांच्या शिष्यवृत्तीची गोष्ट

जवाहरनगरची वसाहत, ठाणा पेट्रोलपंप आणि आजूबाजूची गावे. इथल्या घरांमध्ये ऑर्डनन्स फॅक्टरीच्या नोकरीला किती मान आहे, हे सांगायला नको. आजोबा शेतमजूर, वडील फॅक्टरीत कामगार आणि आता मुलगा किंवा मुलगी इंजिनिअर, अशी तीन पिढ्यांची चढण आपल्या समाजातल्या कितीतरी घरांनी चढली आहे. पण बी.ई., बी.टेक. हातात आले की घरात एकच प्रश्न येतो. आता नोकरी बघायची, की पुढे एम.टेक., पीएच.डी. करायची? पुढे शिकायचे तर पैसा कुठून आणायचा?

हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका तरुणापुढे होता. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा होता. म्हणून आज बोधिसत्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जीवन आपण एका वेगळ्या बाजूने पाहू. ग्रंथांची किंवा सत्याग्रहांची नव्हे, त्यांच्या शिक्षणाच्या पैशाची ही गोष्ट आहे.

पंचवीस रुपयांची सुरुवात

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव १९०७ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. अस्पृश्य समाजातल्या मुलासाठी ही केवढी मोठी गोष्ट होती! त्यांच्या सत्काराच्या सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. हा प्रसंग आपल्याला माहीत असतो. पण गुरुजींनी आणखी एक काम केले, ते फारसे सांगितले जात नाही. सुभेदार रामजींना मुलाच्या कॉलेजचा खर्च झेपेनासा झाला, तेव्हा गुरुजींनीच बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे शब्द टाकला. महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली आणि भीमराव बी.ए. होऊ शकले.

पुस्तक देणारा माणूस भेटतो. पण पुस्तक वाचत राहता यावे म्हणून कुणाकडे तरी शब्द टाकणारा माणूस क्वचितच भेटतो. केळुसकर गुरुजी या दोन्ही कामांसाठी लक्षात ठेवावेत.

कोलंबिया आणि करारनामा

फेब्रुवारी १९१३ मध्ये सुभेदार रामजी वारले. घराचा आधार गेला. त्याच वर्षी बडोदा संस्थानाने परदेशी शिक्षणासाठी भीमरावांची निवड केली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी, असा करार झाला. जुलै १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले.

त्या साडेअकरा पौंडांतून राहणे, जेवणे, पुस्तके भागवायची आणि घरी रमाईंनाही काही पाठवायचे. काटकसर करत त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून सुमारे दोन हजार ग्रंथ जमवले. १९१५ मध्ये एम.ए. झाले, १९१६ मध्ये पीएच.डी.साठीचा प्रबंध पूर्ण केला. तीन वर्षांत एवढे काम का झाले? बुद्धी होतीच, कष्टही अफाट होते. पण तिसरी एक गोष्ट होती, जिचा आपल्याला विसर पडतो. दर महिन्याला ठरलेले पैसे येत होते.

शिष्यवृत्ती संपली तेव्हा

ऑक्टोबर १९१६ मध्ये बाबासाहेब लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्र आणि ग्रेज इनमध्ये कायदा, असे दोन्ही अभ्यास सुरू झाले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याहून परत येण्याचा हुकूम आला. विद्यापीठाने पुन्हा येण्यासाठी चार वर्षांची सवलत दिली, एवढाच काय तो दिलासा. ऑगस्ट १९१७ मध्ये ते अर्धवट अभ्यास सोडून मुंबईला परतले. वेगळ्या बोटीने पाठवलेले त्यांचे सामान आणि पुस्तके महायुद्धात समुद्रात बुडाली. त्या सामानाची जी भरपाई मिळाली, तिच्यातूनच बडोद्याला जाण्याचा खर्च निघाला.

करार पाळायला ते बडोद्याला गेले. तिथे काय झाले ते आपण सगळे जाणतो. ऑफिसात शिपाई फायली दुरून टाकत, पाणी मिळत नसे, आणि पारशी वसतिगृहातून त्यांना काठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढले. शिष्यवृत्तीने शिक्षण दिले, पण जातीने नोकरी करू दिली नाही.

मग सुरू झाली स्वतःच्या शिक्षणासाठी स्वतःच पैसा उभा करण्याची लढाई. नोव्हेंबर १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली आणि पगारातून पै-पै वाचवली. मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार रुपये कर्ज घेतले. राजर्षी शाहू महाराजांची मदत झाली. या तीन आधारांवर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. तिथे अर्धपोटी राहून सकाळपासून संध्याकाळपर्यंत ग्रंथालयात बसले. १९२१ मध्ये एम.एस्सी. झाले. डी.एस्सी.चा प्रबंध परीक्षकांनी फेरबदलासाठी परत केला, तेव्हा लंडनमध्ये थांबण्यासाठी जवळ पैसे उरले नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये मुंबईला येऊन त्यांनी तो दुरुस्त केला, इथूनच पाठवला आणि त्याच वर्षी पदवी मिळवली.

मित्रांनो, हा हिशेब जरा नीट बघा. शिष्यवृत्ती सुरू होती तेव्हा तीन वर्षांत दोन प्रबंध झाले. ती तुटली तेव्हा एक पदवी पूर्ण व्हायला १९१६ ते १९२३, म्हणजे सात वर्षे लागली. जगातल्या मोठ्या विद्वानांपैकी एकाची ही स्थिती, तर सामान्य घरातल्या मुलाचे काय होत असेल?

स्वतःच्या अनुभवातून धोरण

बाबासाहेबांचे मोठेपण इथे दिसते. आपल्याला सोसावे लागले तसे पुढच्यांनीही सोसावे, असे त्यांना वाटले नाही. परत आल्यावर त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, सोलापूरला वसतिगृह काढले. १९२८ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीचे ते सदस्य झाले. १९३० च्या तिच्या अहवालात शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे वाढवा, गिरण्या व रेल्वेच्या कारखान्यांत प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्त्या द्या, अशा शिफारशी होत्या. त्यांतच आणखी एक होती. परदेशात इंजिनिअरिंग शिकण्यासाठी अस्पृश्य विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती द्या! ज्या काळात आपल्या माणसाला सार्वजनिक पाणवठ्यावर हात लावता येत नव्हता, त्या काळात ही मागणी कागदावर आली होती.

पुढचे पाऊल त्याहून मोठे होते. जुलै १९४२ मध्ये नागपूरला शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली आणि त्याच महिन्यात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून रुजू झाले. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन दिले. त्यातला शिक्षणाचा भाग प्रत्येक इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याने वाचला पाहिजे.

त्यांचा मुद्दा सरळ होता. कला आणि कायद्याच्या शिक्षणाने समाजाचे फार भले होणार नाही. खरी मदत होईल ती विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या वरच्या दर्जाच्या शिक्षणाने. पण तेच शिक्षण सर्वांत महाग, गरिबाच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून सरकारने त्याचा खर्च उचलावा. मागणीही आकड्यांत होती. देशातील विद्यापीठांत आणि तंत्रसंस्थांत विज्ञान-तंत्रज्ञान शिकणाऱ्यांसाठी दरवर्षी २ लाख रुपये, आणि इंग्लंड, युरोप, अमेरिकेत तेच शिकण्यासाठी दरवर्षी १ लाख. धनबादच्या इंडियन स्कूल ऑफ माइन्समध्ये राखीव जागाही त्यांनी मागितल्या.

स्वतः अर्थशास्त्रज्ञ आणि बॅरिस्टर असलेल्या माणसाने समाजासाठी आधी तंत्रज्ञान मागावे, यामागे दूरदृष्टी होती. त्यांच्याच खात्याकडे वीज आणि पाटबंधाऱ्यांचे काम होते. दामोदर खोऱ्याची योजना आणि आजच्या केंद्रीय जल आयोगाची सुरुवात त्यांच्याच कारकिर्दीत झाली. उद्याचा भारत धरणे, वीजघरे आणि कारखान्यांतून उभा राहणार हे ते समोर बघत होते. त्या कामावर आपली माणसे फक्त माती वाहणारी असू नयेत, नकाशा काढणारीही असावीत, असाच त्या मागणीचा अर्थ आहे.

१९४४-४५ पासून भारत सरकारने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी ३ लाख रुपये मंजूर केले. आज आपण जिला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती म्हणतो, तिचे मूळ इथे आहे. १९५४-५५ मध्ये परदेशी शिक्षणाची राष्ट्रीय शिष्यवृत्तीही सुरू झाली.

भंडाऱ्याचे नाते

१९५४ साली बाबासाहेब भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. तेव्हा जवाहरनगरची फॅक्टरी नव्हती, ती पुढच्या दशकात आली. भंडाऱ्याने बाबासाहेबांना संसदेत पाठवले नाही. पण त्यांनी सुरू करून घेतलेल्या शिष्यवृत्तीने भंडाऱ्याच्या मुलांना कॉलेजात पाठवले. त्या पराभवाची भरपाई आपण शिकूनच करू शकतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. बौद्ध झालेल्यांच्या सवलतींवर लगेच प्रश्न आले. महाराष्ट्र राज्याने १९६० मध्ये नवबौद्धांना राज्याच्या सवलती दिल्या, पण केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत लढावे लागले. धम्मासाठी एका पिढीने केंद्राच्या शिष्यवृत्तीवरही पाणी सोडले, हे आज अर्ज भरताना विसरू नये.

आता आपली पाळी

आज वाटा आहेत. गेट उत्तीर्ण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत एम.टेक. करणाऱ्याला दरमहा १२,४०० रुपये मिळतात. पीएच.डी.साठी अनुसूचित जातींची राष्ट्रीय फेलोशिप आणि बार्टीची अधिछात्रवृत्ती आहे. परदेशासाठी केंद्राची राष्ट्रीय शिष्यवृत्ती आणि राज्याची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. तरीही फेलोशिप वेळेवर आणि पूर्ण मिळावी म्हणून आपल्या संशोधकांना आझाद मैदानावर बसावे लागले आहे. प्रयोगशाळेत असायला हवा तो विद्यार्थी मंडपात बसतो, तेव्हा १९१७ साल पुन्हा येते. मंजूर झालेली पण उशिरा मिळणारी शिष्यवृत्ती अर्धीच शिष्यवृत्ती असते. तिच्यासाठी भांडणे ही भीक नाही. १९४२ च्या निवेदनाचेच ते पुढचे पान आहे.

पण सगळे सरकारवर सोडूनही चालणार नाही. जवाहरनगरसारख्या ठिकाणी फॅक्टरीत नोकरी करून स्थिरावलेली घरे आहेत. १४ एप्रिलच्या वर्गणीतला काही भाग बाजूला ठेवून विहारात गेटची पुस्तके ठेवता येतात. अर्जाची शेवटची तारीख, उत्पन्नाचा दाखला, जात पडताळणी, हे सांगणारे दोन जाणते तरुण रविवारी दोन तास बसू शकतात. फेलोशिप अडली तर सहा महिने बिनव्याजी पैसे देणारा नवल भथेना आपल्यातही असू शकतो. शब्द टाकणारे केळुसकर गुरुजीही असू शकतात.

आणि ज्यांना शिष्यवृत्ती मिळाली, त्यांनी बाबासाहेबांचा हिशेब लक्षात ठेवावा. त्यांना महिन्याला साडेअकरा पौंड मिळाले. त्यांनी समाजाला वर्षाला तीन लाख मिळवून दिले.

जय भीम! नमो बुद्धाय!