मंद वाऱ्यात शीड किती ओढायचं? उत्तर शोधणारे डॉक्टर मॅनफ्रेड करी

तळ्यावर वारा जेमतेम आहे. शर्यतीत दोन सारख्याच होड्या आहेत. एकीवरचा खलाशी मुख्य शिडाचा दोर घट्ट ताणतो, दुसरीवरचा तो थोडा सैल सोडतो. पुढे कोण जाईल? बहुतेक वेळा दुसरी होडी. असं का होतं, हे खलाशांना विज्ञानाच्या आधारे समजावून सांगणाऱ्या सुरुवातीच्या लोकांपैकी एक म्हणजे डॉ. मॅनफ्रेड करी.

करी यांचा जन्म ११ डिसेंबर १८९९ रोजी जर्मनीतल्या म्युनिकमध्ये झाला. कुटुंब मूळचं अमेरिकन. शिक्षण वैद्यकीय, पण मन रमायचं बव्हेरियातल्या तळ्यांवर, शिडाच्या होडीत.

वारा शिडाला मागून ढकलतो आणि होडी चालते, असा सर्वसाधारण समज असतो. वारा पाठीशी असेल तर ते खरंही आहे. पण होडी वाऱ्याच्या दिशेला तिरकी चढते तेव्हा शीड पंखासारखं काम करतं. हवा त्याच्या दोन्ही बाजूंनी वाहते. वाऱ्यामागच्या फुगीर बाजूला दाब कमी होतो आणि शीड तिकडे ओढलं जातं. करी यांनी यासाठी पक्ष्यांच्या पंखांचाही अभ्यास केला. शिडांचं वायुगतिशास्त्र आणि शर्यतीचे डावपेच सांगणारं त्यांचं जर्मन पुस्तक १९२५ मध्ये आलं, तेव्हा ते पंचविशीत होते. पुढे ते इंग्रजीतही निघालं.

आता सुरुवातीच्या दोन होड्यांकडे वळू. मंद वाऱ्यात हवेत जोर नसतो, त्यामुळे ती शिडाच्या वळणाला चिकटून राहत नाही, पटकन सुटते. दोर जास्त ताणला की शिडाची मागची कड आत वळते, हवा अडखळते आणि होडी मंदावते. शिवाय पाण्यालगत वारा कमी आणि वर जास्त असतो. त्यामुळे चालत्या होडीत शिडाच्या माथ्याला वारा थोड्या वेगळ्या कोनातून लागतो. म्हणून माथा किंचित बाहेर पिळलेला लागतो. दोर सैल सोडला की हा पीळ आपोआप मिळतो.

पण वारा सतत बदलतो, मग दोरही सतत थोडा ओढावा-सोडावा लागतो. दर वेळी गाठ कोण मारणार? यावर करी यांच्या नावाची चाप आली. दोन दातेरी तुकडे दोर पकडतात. ओढला तर तो सरकतो, सोडला तर अडकतो आणि वर उचलला की मोकळा होतो.

१९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिम्पिकमध्ये करी अमेरिकेतर्फे नौकाशर्यतीत उतरले. पुढच्या काळात ते हवामानाचा शरीरावर काय परिणाम होतो, या विषयाकडे वळले. तिथे मात्र जमिनीतून अदृश्य ऊर्जारेषांचं जाळं जातं, असा दावा त्यांनी केला. ‘करी रेषा’ म्हणून तो आजही सांगितला जातो, पण त्याला वैज्ञानिक पुरावा नाही.

१९५३ मध्ये, ५३ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. शिडाबद्दलचं म्हणणं पाण्यावर रोज पडताळता येत होतं, म्हणून ते टिकलं. ऊर्जारेषांना तशी कसोटी कधी मिळाली नाही. दातेरी चाप मात्र आजही जगभरच्या होड्यांवर दोर धरून आहे.