लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (जन्म: गुर्लहोसूर, बेळगाव जिल्हा, २० जून १८६९, मृत्यू: २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी उद्योजक, किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक आणि लोखंडी नांगराचे भारतातील आद्य उत्पादक होते. नवे अवजार घडविण्याइतकेच ते समाजाच्या पचनी पाडणेही अवघड असते, हे त्यांच्या चरित्रातून दिसून येते.

शिक्षण व नोकरी

लक्ष्मणरावांचे वडील वेदान्ताचे अभ्यासक होते. लक्ष्मणरावांचा ओढा मात्र चित्रकलेकडे व यंत्रांकडे होता. १८८५ मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु काही रंग ओळखण्यात अडचण येत असल्याने त्यांनी रंगचित्रणाऐवजी यांत्रिक आरेखनाची वाट धरली. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत ते शिक्षक झाले. डावलली गेलेली बढती हे ती नोकरी सोडण्याचे कारण ठरले.

बेळगावातील व्यवसाय

बंधू रामचंद्रपंत यांच्यासह त्यांनी बेळगावात सायकलींचे दुकान चालविले. सायकल त्या काळी नवलाची वस्तू असूनही तिला गिऱ्हाईक मिळे, कारण ती घेणारा वर्ग सुस्थितीतील होता. त्यानंतर कडबा कापण्याचे यंत्र बनवून लक्ष्मणराव शेती अवजारांकडे वळले.

लोखंडी नांगर

इंग्लंडहून येणाऱ्या नांगरांच्या धर्तीवर त्यांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगर जमीन उकरतो, तर लोखंडी नांगर ती खोलवर फोडून माती उलथवितो. त्यामुळे हरळीसारख्या खोल मुळांच्या तणांचा बंदोबस्त होतो. तरीही लोखंडाने जमीन विषारी होते, अशा समजुतीमुळे शेतकरी त्याला हात लावीनात. पहिले सहा नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. ही भीती केवळ आपल्याकडचीच नव्हती. चार्ल्स न्यूबोल्ड यांनी १७९७ मध्ये बिडाच्या नांगराचे पेटंट घेतले, तेव्हा अमेरिकेतील शेतकऱ्यांनीही हाच आक्षेप घेतला होता.

मात्र या नकारामागे सर्वस्वी अंधश्रद्धा होती असे म्हणता येणार नाही. सायकल फसली तर हौसेचा पैसा बुडे. नांगर फसला तर शेतकऱ्याचा हंगामच हातचा जाई. शिवाय सुरुवातीच्या नांगरांचे फाळ कठीण जमिनीत पुरेसे टिकत नसत. लक्ष्मणरावांनी गिऱ्हाइकाला दोष न देता फाळाच्या ओतकामात सुधारणा केली. नांगराचा अनुभव आलेल्या शेतकऱ्यांमुळे मागणी हळूहळू वाढली.

किर्लोस्करवाडी

शहराच्या विस्तारामुळे बेळगावातील कारखान्याची जागा सोडण्याची वेळ आली. तेव्हा औंध संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची माळरानाची जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. १० मार्च १९१० रोजी निवडुंगाने व्यापलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसविण्यास आरंभ झाला. या वसाहतीत अस्पृश्यतेला थारा नव्हता. शिक्षा भोगून आलेल्या माणसांवरही तेथे रात्रीच्या राखणीची जबाबदारी सोपविली गेली. शंभुराव जांभेकर, मंगेशराव रेगे आदी सहकाऱ्यांची लक्ष्मणरावांना मोलाची साथ लाभली. पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई निर्माण झाली, तेव्हा कोल्हापूर संस्थानातील जुन्या तोफा वितळवून नांगर घडविण्यात आले.

लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक सुरू केले. कारखान्याच्या वार्तेपासून निघालेले हे पत्र पुढे सामाजिक सुधारणेच्या विचारांचे व्यासपीठ बनले. लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव यांनी उद्योगाचा पुढे मोठा विस्तार केला.

मूल्यमापन

समाज नव्या तंत्रासाठी तयार आहे की नाही, हा प्रश्न लक्ष्मणरावांच्या बाबतीत अखेर शेतातच सुटला. शंकेत दडलेली रास्त तक्रार ओळखून त्यांनी आधी अवजार सुधारले. समाजाची तयारी त्यामागून होत गेली. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये भारतीय टपाल खात्याने तिकीट प्रसिद्ध केले.