ठेव आणि उचल

बँकेत उभी हयात गेली ती ठेव आणि उचल या दोन शब्दांत. नदीकाठच्या एका शाखेत असताना दर पावसाळ्यानंतर पात्रातल्या वाळूने जागा बदललेली दिसे. या वाळूचा हिशेब कोण ठेवत असेल, असे मला वाटे. तो ठेवणारा मला पुढे पुस्तकांत भेटला. आडनाव साऱ्या जगाला पाठ असलेले: हान्स अल्बर्ट आइनस्टाइन.

जन्म १९०४ चा, स्वित्झर्लंडमधल्या बर्नचा. १९१४ मध्ये आईवडील विभक्त झाले. आई मिलेव्हा दोन्ही मुलांना घेऊन झुरिचला परतली, वडील बर्लिनमध्ये राहिले. मुलाने स्थापत्य अभियांत्रिकी निवडली, ते वडिलांना रुचले नाही. १९२७ मध्ये फ्रीडाशी केलेले लग्नही आईवडिलांच्या मनाविरुद्धच. थोरामोठ्यांच्या घरातही संसार असाच चालतो!

डॉर्टमुंडला पोलादी बांधकामांची काही वर्षे नोकरी करून ते झुरिचला परतले आणि नदीच्या तळाशी गोटे कसे सरकतात, हे शोधू लागले. आपल्याला वाटते, पाणी गाळाला सतत ढकलत नेते. त्यांनी दाखवले की तसे नाही. गोटा बराच वेळ पडून राहतो, मग पाण्याच्या उसळीने उचलला जातो, थोडे अंतर जातो, पुन्हा विसावतो. ही उडी सरासरी त्याच्या व्यासाच्या सुमारे शंभरपट. तो केव्हा उठेल, हे कुणी सांगू शकत नाही. पण लाखो कणांचा मिळून हिशेब संभाव्यतेने मांडता येतो. एक खातेदार पैसे केव्हा काढील ते मला कधी कळले नाही. पण शाखेला महिन्याकाठी किती रोकड लागेल, ते मात्र कळे!

या प्रबंधावर १९३६ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. गंमत पाहा, वडिलांनी १९०५ मध्ये द्रवातल्या सूक्ष्म कणांच्या भटकंतीचे गणित मांडले होते, तेव्हा हा मुलगा पाळण्यात होता. पुढे मात्र निसर्गाच्या मुळाशीच योगायोग आहे, हे वडिलांना कधी पटले नाही. मुलाने त्याच योगायोगाला नदीच्या तळाशी कामाला लावले.

१९३८ मध्ये ते अमेरिकेत गेले. १९४७ पासून बर्कलेच्या विद्यापीठात शिकवू लागले. १९५० मध्ये प्रसिद्ध झालेली त्यांची गाळवहनाची पद्धत धरणे आणि कालवे बांधणाऱ्यांच्या हाती आली. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले.

मोठ्या वडिलांच्या सावलीत मुलाने काय करावे? ते चिखलात उतरले आणि आपला वेगळा हिशेब मांडून बसले. नदीकाठी गेलो की आता मला तेच आठवतात.