कपॅसिटरवर नाव कोरलेला बुकबाइंडर

फर्स्ट इयरला आपण सगळ्यांनीच कपॅसिटरची गणितं सोडवली आहेत. उत्तराच्या शेवटी 'मायक्रोफॅरड' लिहिलं नाही तर मार्क कापतात, म्हणून आपण ते इमानदारीत लिहितो. पण हा फॅरड आला कुठून, असं व्हायव्हात विचारलं की अर्धे पोट्टे छताकडे बघतात! ज्याच्यावरून हे नाव आलं त्या मायकेल फॅरडेची ओळख मला पुस्तकातून नाही, एका बिघडलेल्या ग्राफिक्स कार्डामुळे नीट झाली. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठी थोडं इकडेतिकडे झालं तर सांभाळून घ्या.

फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ चा, लंडनजवळच्या न्यूइंग्टन बट्स इथला. वडील लोहार आणि सतत आजारी, त्यामुळे घरी कायम ओढाताण. शाळा म्हणजे लिहिणं, वाचणं आणि थोडे हिशेब, बस. तेराव्या वर्षी तो रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे पोऱ्या म्हणून लागला आणि १८०५ पासून सात वर्षं तिथेच बुकबाइंडिंग शिकला. बांधायला आलेली पुस्तकं तो वाचून काढायचा. त्यातच एका ज्ञानकोशातला विजेवरचा लेख त्याच्या हाती लागला. पण हा गडी नुसता वाचून थांबणारा नव्हता. त्याने काचेची बाटली घेऊन घर्षणाने वीज तयार करायचं यंत्र बनवलं, वीज साठवायला लेडन जार बनवले. लेडन जार म्हणजे कपॅसिटरचा आजोबाच समजा. काचेची बरणी, तिला आतून-बाहेरून धातूचा पत्रा, आणि मध्ये काच.

१८१२ मध्ये दुकानातल्या एका गिऱ्हाइकाने त्याला सर हंफ्री डेव्हींच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरडेने चारही व्याख्यानं ऐकून नोट्स काढल्या, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हाताने त्यांचं पुस्तक बांधलं आणि डेव्हींना पाठवून दिलं. (आपल्या झेरॉक्सच्या नोट्स आठवल्या ना?) मार्च १८१३ मध्ये रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याला मदतनिसाची नोकरी मिळाली. पगार आठवड्याला २५ शिलिंग आणि राहायला माळ्यावरच्या दोन खोल्या.

त्याच वर्षी डेव्ही युरोपच्या दौऱ्यावर निघाले. त्यांच्या खास नोकराने ऐनवेळी नकार दिला आणि ती कामं फॅरडेच्या गळ्यात पडली. डेव्हींच्या पत्नी त्याला नोकरच समजत आणि जेवायलाही नोकरांमध्येच बसवत. तो दुखावला, नोकरी सोडायचा विचारही मनात आला. पण दौऱ्यात फ्रान्स-इटलीचे मोठमोठे शास्त्रज्ञ भेटत होते, त्यांचं काम जवळून बघायला मिळत होतं. म्हणून तो टिकून राहिला.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. १८२१ मध्ये त्याने विजेच्या जोरावर तार चुंबकाभोवती फिरवून दाखवली, १८२५ मध्ये बेंझीन शोधलं, आणि २९ ऑगस्ट १८३१ ला लोखंडी कड्यावर तारा गुंडाळून विद्युत-चुंबकीय प्रवर्तन सापडलं. आपल्या मशीन्सच्या पेपरचं मूळ तेच कडं.

पण मला सगळ्यात आवडतो तो त्याचा १८३७ चा प्रयोग. तेव्हा सगळ्यांचं लक्ष धातूच्या पत्र्यांवर असायचं. मधला पदार्थ वीज फक्त अडवतो, त्याला काही काम नसतं, असं मानलं जाई. फॅरडेने दोन सारखी उपकरणं केली. प्रत्येकात पितळेच्या पोकळ गोळ्यात दुसरा लहान गोळा. एकात मध्ये हवा ठेवली, दुसऱ्यात खालच्या अर्ध्या भागात लाख भरली. हो, आपल्याकडे पळसावर, बोरीवर होते आणि सोनार पोकळ दागिन्यात भरतात, तीच लाख! एक गोळा चार्ज करून दुसऱ्याला जोडला. वाटणी निम्मी-निम्मी व्हायला हवी होती, पण लाखवाल्याने जास्त वाटा घेतला. म्हणजे किती वीज साठणार हे मधल्या पदार्थावरही ठरतं. आपण सूत्रात जो एप्सिलॉन लिहितो तो इथून आला.

आता त्या कार्डाकडे येतो. आमच्या हॉस्टेलमधल्या जुन्या पीसीवर आडव्या रेघा यायच्या आणि गेम सुरू केला की पीसी हँग. कार्ड काढून बघितलं तर तीन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची डोकी फुगलेली. अमरावतीत सगळ्यांनी नवीन घ्यायचा सल्ला दिला. मी ते सुट्टीत अकोल्याला नेलं. आमच्या गल्लीजवळ रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत, शिक्षण दहावीपर्यंत. त्यांनी समजावलं ते असं. आत ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या आणि मध्ये इलेक्ट्रोलाइटने ओला केलेला कागद असतो. पट्ट्यांना सहसा काही होत नाही, बिघडतं ते मधलं. द्रव सुकतो किंवा त्याचा गॅस होतो, आणि झाकण फुगतं. उष्णतेने हे लवकर होतं. तापमान १० अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. आपला वऱ्हाडातला मे महिना आणि धुळीने जाम झालेला पंखा, मग दुसरं काय होणार!

काकांचे नियम साधे होते. मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ अंशांचा आणि लो-ईएसआर प्रकारचाच कपॅसिटर. काढण्याआधी पट्टीची, म्हणजे मायनसची बाजू लिहून ठेवायची. बोर्डातला तांब्याचा थर उष्णता ओढून घेतो, म्हणून सोल्डरिंग आयर्न दमदार हवी, पण एका जागी जास्त वेळ टेकवायची नाही. तिन्ही बदलले आणि रेघा गेल्या.

इलेक्ट्रोलाइट हा शब्दही फॅरडेनेच १८३४ मध्ये रूढ केला, हे मी नंतर वाचलं. म्हणजे त्या बोटभर डबीत त्याचे दोन शोध एकत्र बसलेले आहेत.

फॅरडेला गणित फारसं येत नव्हतं. त्याच्या कल्पना समीकरणांत बसवल्या त्या पुढे मॅक्सवेलने. पण त्याच्या प्रयोगवहीत १६ हजारांवर क्रमांकित नोंदी आहेत. सरकी त्याने नाकारली, रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद दोनदा नाकारलं. ज्याला एकेकाळी नोकरांच्या पंगतीला बसवलं त्याने मोठेपणाची खुर्ची आपणहून सोडली. अँडरसन नावाचा निवृत्त सैनिक अनेक वर्षं त्याचा प्रयोगशाळेतला मदतनीस होता, आणि फॅरडेने त्याचा छापील लेखात मानाने उल्लेख केला. शेवटी स्मरणशक्ती फार कमी झाली. २५ ऑगस्ट १८६७ ला तो गेला. फॅरड हे एकक जगाने १८८१ मध्ये पॅरिसच्या परिषदेत स्वीकारलं.

आपल्या हॉस्टेलमध्ये सोल्डरिंग म्हणजे मिस्त्रीचं काम समजतात. पॅकेजच्या गोष्टी करणाऱ्यांना लॅबमधल्या काकांचं नावसुद्धा माहीत नसतं. पण ज्याच्या नावाशिवाय आपलं उत्तर पूर्ण होत नाही तो आयुष्यभर हातानेच काम करत राहिला, आणि मदतनिसाचं नाव विसरला नाही. तेव्हा पुढचं कार्ड भंगारात टाकण्याआधी एकदा उघडून बघा. आणि जमलं नाही तर लॅबच्या काकांना विचारा, त्यांना नक्की जमतं.