लुटुपुटीच्या खेळाचे मोल

अंगणात चार मुले जमली, की एक आई होते, एक बाबा होतो आणि एखादा पाहुणा बनून दारात उभा राहतो. वाळूचा भात शिजतो, पानांच्या पोळ्या होतात आणि सारी मंडळी पोटभर जेवतात. मोठी माणसे याला पोरखेळ म्हणून हसतात. परंतु या पोरखेळातच बालकाचे मन वाढते हे ओळखून त्याला शाळेत मानाचे स्थान देणारी एक थोर स्त्री महाराष्ट्रात होऊन गेली. तिचे नाव ताराबाई मोडक.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते होते. मुलींनी शिकावे, ही गोष्टच ज्या काळी पुष्कळांना रुचत नसे, त्या काळी, १९१४ साली, ताराबाईंनी बी. ए. ची पदवी मिळविली. विवाहानंतर काही वर्षे त्या अमरावतीस राहिल्या. पुढे राजकोट येथे शिक्षिका घडविणाऱ्या एका महाविद्यालयाच्या त्या प्राचार्या झाल्या.

त्याच सुमारास भावनगर येथे गिजुभाई बधेका हे लहान मुलांच्या शिक्षणाचा एक नवा प्रयोग करीत होते. गिजुभाई मूळचे वकील. परंतु वकिली सोडून ते शिक्षणाकडे वळले आणि १९२० साली त्यांनी बालमंदिर काढले. तेथे छडी नव्हती, घोकंपट्टी नव्हती, की भीतीही नव्हती. हे कार्य ताराबाईंच्या मनाला भिडले. १९२३ साली मानाचे पद सोडून त्या भावनगरला गेल्या व गिजुभाईंच्या सहकारी झाल्या.

इटलीच्या मादाम माँटेसरी यांची शिक्षणपद्धती हा या बालमंदिराचा पाया होता. बालकांनी स्वतःच्या हातांनी वस्तू हाताळून शिकावे, यावर माँटेसरीबाईंचा भर असे; कल्पित कथा व लटके खेळ यांना त्यांच्या पद्धतीत फारसे स्थान नव्हते. गिजुभाईंनी मात्र त्या पद्धतीला गोष्टी, गाणी आणि नाट्य यांची जोड दिली. हे नाट्य मोठ्यांच्या नाटकांसारखे नव्हते. त्यात पाठ केलेली भाषणे नसत. मुलांनी गोष्ट ऐकावी, आपापसांत कामे वाटून घ्यावी आणि त्या त्या क्षणी सुचेल ते बोलावे, अशी त्याची रीत होती.

अशा खेळाने काय साधते? म्हातारी आणि भोपळ्याची गोष्टच घ्या. एक मुलगी म्हातारी होते, एक मुलगा वाघ होतो, दुसरा अस्वल होतो. बुजरा मुलगा रानातले झाड होऊन नुसता उभा राहतो. पण त्याच्यावाचून रान होत नाही. भोपळा नसला तरी तो सर्वांना दिसू लागतो, ही कल्पनाशक्ती. वाघाने आपली पाळी येण्यापूर्वीच झडप घातली, तर म्हातारी लेकीकडे पोहोचायचीच नाही! म्हणून प्रत्येकाला थांबावे लागते, दुसऱ्याचे ऐकावे लागते, चुकणाऱ्याला सांभाळून घ्यावे लागते. सहकार्याचा हा धडा कोणी फळ्यावर लिहून देत नाही. तो खेळता खेळता अंगी मुरतो.

१९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंनी त्याचे कार्य पुढे हयातभर वाहिले. १९३६ साली मुंबईत दादर येथे त्यांनी शिशुविहार सुरू केला. परंतु शहरातील मुलांना जे मिळाले, ते खेड्यातील गरिबांच्या मुलांना कोण देणार, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. अखेर १९४५ साली त्या डहाणू तालुक्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या गावी आल्या. अनुताई वाघ यांच्यासारखी निष्ठावंत सहकारी त्यांना तेथेच लाभली.

येथे कसोटीचा काळ आला. महागडी साधने विकत घेण्यास पैसा नव्हता आणि गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. ताराबाईंनी दोन्ही अडचणींवर साधे उपाय शोधले. शंख-शिंपले, खडे, पाने, फुले व बिया हीच त्यांनी शिक्षणाची साधने केली. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळेनेच मुलांकडे जावे, असे ठरवून त्यांनी वस्तीतल्या अंगणातच बालवाडी भरविली. पुढे १९५७ साली हे कार्य जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले दिवसभर गुरे राखीत. त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरू लागली. तिला कुरणशाळा हे नाव मिळाले.

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंना पद्मभूषण हा किताब देऊन गौरविले. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९७५ साली, सरकारने देशभर बालविकासाची योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द घरोघर पोहोचला.

आज पालघर जिल्ह्यातील कोसबाडपासून कोल्हापूर जिल्ह्यातील कोडोलीपर्यंत गावोगावची चिमुकली मुले अंगणवाडीत जातात. ती कधी वाघ होतात, कधी म्हातारी होतात आणि एकमेकांचा हात धरून गोष्ट शेवटास नेतात. ताराबाईंचे नाव त्यांना ठाऊक नसेल. परंतु त्यांना मिळालेल्या या आनंदामागे ताराबाईंच्या पन्नास वर्षांच्या तपश्चर्येचाही वाटा आहे.