ज्याच्या नावाने ‘अनवाणी’ बूट विकले गेले, तो अबेबे बिकिला अनवाणी का पळाला होता?

पायाच्या पाचही बोटांना वेगवेगळे कप्पे असलेला, हातमोज्यासारखा दिसणारा बूट तुम्ही एखाद्या रीलमध्ये पाहिला असेल. तळ एकदम पातळ, टाचेखाली उंचवटा नाही, आत जाड गादी नाही. बूट घालूनही अनवाणी पळाल्यासारखं वाटावं यासाठी तो बनवलेला असतो. अशा बुटांना बेअरफूट शूज किंवा मिनिमलिस्ट शूज म्हणतात.

२०१० साली व्हिब्रम या इटालियन कंपनीने पळणाऱ्यांसाठी असाच एक बूट बाजारात आणला. त्या मॉडेलचं नाव होतं बिकिला.

नाव ओळखीचं होतं. बरोबर ५० वर्षांपूर्वी अबेबे बिकिला नावाचा इथिओपियाचा एक सैनिक रोमच्या रस्त्यांवर ४२ किलोमीटर अनवाणी पळाला होता आणि ऑलिम्पिकचं सुवर्णपदक घेऊन घरी गेला होता. अनवाणी पळण्याचा विषय निघाला की आजही पहिला फोटो त्याचाच येतो.

पण हाच गडी चार वर्षांनी पुढच्या ऑलिम्पिकमध्ये पायात बूट घालून पळाला आणि रोमपेक्षा तीन मिनिटं आधी पोचला. तिथेही सुवर्णपदकच.

मग तो रोममध्ये अनवाणी का पळाला? बुटाला पैसे नव्हते म्हणून? की बूट वाईट असतात असं त्याचं मत होतं म्हणून? दोन्ही नाही. हे समजण्यासाठी त्याची सगळी गोष्ट बघावी लागेल.

जातो गावचा पोरगा

अबेबेचा जन्म ७ ऑगस्ट १९३२ चा. इथिओपियातल्या जातो नावाच्या डोंगराळ गावातला. योगायोग असा की त्याच दिवशी तिकडे लॉस एंजेलिसमध्ये ऑलिम्पिकची मॅरेथॉन सुरू होती. (इथिओपियात माणसाला त्याच्या पहिल्या नावानेच हाक मारतात, म्हणून आपणही त्याला अबेबेच म्हणू.)

तो तीन वर्षांचा असताना मुसोलिनीच्या इटलीने इथिओपियावर हल्ला केला. १९३६ मध्ये राजधानी अदिस अबाबा इटलीच्या ताब्यात गेली. लढाईच्या धामधुमीत अबेबेच्या घरच्यांनाही गाव सोडावं लागलं. पुढे ते परत जातोला आले.

त्याचं बालपण गुरं राखण्यात आणि डोंगर चढण्या-उतरण्यात गेलं. तिथे गेना नावाचा हॉकीसारखा खेळ खेळतात. त्यात दोन गोलांमधलं अंतर कधीकधी काही किलोमीटर असायचं. म्हणजे खेळ हॉकीचा असला तरी सराव लांब पळण्याचाच. आणि हे सगळं अनवाणी पायांनी.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला तो अदिस अबाबाला आला आणि सम्राट हैले सेलासी यांच्या शाही रक्षक दलात भरती झाला. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,३०० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा विरळ. अशा हवेत रोज पळणाऱ्याला सपाट प्रदेशात पळणं सोपं जातं.

सैनिकांना तयार करायला इथिओपिया सरकारने ओन्नी निस्कानेन नावाचा स्वीडिश प्रशिक्षक नेमला होता. त्याने अबेबेला हेरलं आणि रीतसर सराव सुरू केला. रोमला जाण्याआधी अदिस अबाबात झालेल्या शर्यतीत अबेबेने एमिल झाटोपेकच्या १९५२ च्या ऑलिम्पिक विक्रमापेक्षाही कमी वेळ नोंदवला. तरीही रोममध्ये तो कुणाच्या खिजगणतीत नव्हता.

नवे बूट चावले

रोमला पोचल्यावर अबेबेने शर्यतीसाठी नवे बूट घेतले. ते त्याच्या पायाला नीट बसेनात. नवी चप्पल चावली की काय होतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पायाला फोड आले. शर्यत तोंडावर होती आणि नवा बूट पायाला बसायला वेळ लागतो.

अशा वेळी अबेबेकडे जो पर्याय होता तो बाकीच्यांकडे नव्हता. तो सरावात अनवाणीही पळायचा. लहानपणापासून खडकाळ वाटांवर चालून त्याच्या तळव्यांची कातडी जाड झाली होती, पोटऱ्या आणि घोटे तयार झाले होते. चावणारे बूट घालून ४२ किलोमीटर पळायचं की ओळखीच्या पायांवर भरवसा ठेवायचा, एवढाच प्रश्न होता. त्याने बूट बाजूला ठेवले.

१० सप्टेंबर १९६०, रोम

उन्हाचा त्रास नको म्हणून मॅरेथॉन संध्याकाळी ठेवली होती. सुरुवात कॅपिटोलिन टेकडीवरून, शेवट कॉन्स्टंटाइनच्या कमानीखाली. ही शर्यत स्टेडियममध्ये सुरूही होत नव्हती आणि संपतही नव्हती. अंधार पडल्यावर जुन्या ॲपियन रस्त्याच्या कडेला इटालियन सैनिक मशाली धरून उभे होते.

निस्कानेनने अबेबेला एक नंबर लक्षात ठेवायला सांगितला होता, २६. हा मोरोक्कोच्या रादी बेन अब्देसलामचा नंबर असणार होता आणि तोच तगडा प्रतिस्पर्धी होता. प्रत्यक्षात रादी १८५ नंबर लावून पळत होता. अर्धी शर्यत झाल्यावर १८५ नंबरवाला अबेबेच्या शेजारी पळत होता आणि अबेबे मात्र २६ नंबर पुढे कुठेतरी असेल असं समजून पळत राहिला.

आता यातला महत्त्वाचा भाग. शर्यतीच्या मार्गावर एक उंच दगडी स्तंभ होता. सुमारे १,७०० वर्षं जुना, २४ मीटर उंच. तो रोमचा नव्हता. तो होता इथिओपियातल्या अक्सुमचा. १९३७ मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने तो लुटून रोमला आणून उभा केला होता.

मार्ग आधी बघून ठेवताना अबेबे आणि निस्कानेन यांनी ठरवलं होतं की याच स्तंभापाशी वेग वाढवायचा. तिथून शेवटची रेषा फार लांब नव्हती. ठरल्याप्रमाणे अबेबे तिथूनच सुटला. रादी मागे पडला.

अबेबेने कॉन्स्टंटाइनची कमान गाठली तेव्हा घड्याळात २ तास १५ मिनिटं १६.२ सेकंद झाले होते. रादी त्याच्या २५ सेकंद मागे होता. तोपर्यंतची जगातली सर्वोत्तम वेळ २ तास १५ मिनिटं १७ सेकंद होती, तीही एका सेकंदापेक्षा कमी फरकाने मोडली. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकी देशासाठी ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला.

ज्या देशाने २४ वर्षांपूर्वी त्याची राजधानी घेतली होती, त्याच देशाच्या राजधानीत त्याने ही शर्यत जिंकली होती. इथिओपियात या विजयाला पदकापेक्षा मोठी किंमत का आली, हे यावरून कळतं.

मग बूट आले

१९६१ साली त्याने ग्रीस, जपान आणि चेकोस्लोव्हाकिया अशा तीन देशांत मॅरेथॉन जिंकल्या. यातली अथेन्सची शर्यत तो अनवाणीच पळाला होता.

जपानमध्ये मात्र त्याला किहाचिरो ओनित्सुका भेटले. हे ओनित्सुका टायगर बुटांचे मालक. पुढे त्यांची कंपनी ॲसिक्स म्हणून जगभर गेली. त्यांनी अबेबेला हलके बूट घालायला राजी केलं. अबेबेने ते घातले, पळाला आणि जिंकला. पायाला बसणारा हलका बूट मिळाल्यावर त्याला बूट घालण्यात काही अडचण नव्हती.

१९६३ ला बोस्टनमध्ये तो पाचवा आला. त्यानंतर आलं १९६४ चं टोकियो ऑलिम्पिक. शर्यतीला जेमतेम पाच आठवडे उरले असताना त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं. तो पळू शकेल का हीच शंका होती.

२१ ऑक्टोबरला तो पळाला. या वेळी पायात प्यूमाचे बूट आणि पांढरे मोजे होते. वेळ २ तास १२ मिनिटं ११.२ सेकंद. हीसुद्धा जगातली सर्वोत्तम वेळ. दुसरा येणारा ब्रिटनचा बॅसिल हीटली चार मिनिटांहून जास्त मागे होता. बाकीचे पोचेपर्यंत अबेबे मैदानाच्या मधोमध हिरवळीवर व्यायाम करत होता. ऑलिम्पिकची मॅरेथॉन दोनदा जिंकणारा तो पहिलाच.

मोटारीचा अपघात

टोकियोनंतर सम्राटांनी त्याला फोक्सवॅगन मोटार भेट दिली. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये पायाच्या दुखापतीमुळे त्याला मध्येच थांबावं लागलं. ती मॅरेथॉन त्याचाच सहकारी मामो वोल्डेने जिंकली.

२२ मार्च १९६९ च्या रात्री त्या फोक्सवॅगनला अपघात झाला. अबेबे आत अडकला आणि सकाळी लोकांना सापडला. उपचारासाठी त्याला इंग्लंडच्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयात नेलं. हात पुन्हा काम करू लागले, पण कमरेखालचा भाग लुळा झाला तो कायमचा.

ज्या पायांची जगभर चर्चा झाली, ते आता हलत नव्हते. अबेबे तरीही खेळत राहिला. स्टोक मँडेव्हिल ही पॅरालिम्पिक चळवळीची जन्मभूमी. तिथल्या व्हीलचेअर खेळांत १९७० साली तो तिरंदाजीत उतरला. १९७१ मध्ये नॉर्वेत अपंगांच्या खेळांना त्याला पाहुणा म्हणून बोलावलं होतं. तिथे त्याने बर्फावरच्या स्लेजच्या शर्यतीत भाग घेतला आणि पहिला आला.

२५ ऑक्टोबर १९७३ ला मेंदूतल्या रक्तस्रावाने त्याचं निधन झालं. वय ४१. अदिस अबाबात त्याच्या अंत्ययात्रेला हजारो लोक आले, स्वतः सम्राटही आले. तिथल्या एका स्टेडियमला आज त्याचं नाव आहे.

नाव कुणाचं?

आता परत त्या २०१० च्या बुटाकडे येऊ. त्या काळात बेअरफूट रनिंगची लाट आली होती. २००९ साली ‘बॉर्न टू रन’ हे पुस्तक गाजलं. २०१० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांचं संशोधन आलं. अनवाणी पळण्याची सवय असलेले लोक बहुतेक वेळा पायाच्या पुढच्या किंवा मधल्या भागावर उतरतात, त्यामुळे जमिनीचा धक्का कमी बसतो, असं त्यात दिसलं होतं.

पण जाहिराती त्याच्या पुढे गेल्या. आपल्या बुटांमुळे पाय मजबूत होतात आणि दुखापती कमी होतात हे व्हिब्रमचे दावे ग्राहकांनी अमेरिकेच्या न्यायालयात खेचले. २०१४ साली कंपनीने ३७.५ लाख डॉलर देऊन तडजोड केली, चूक मात्र मान्य केली नाही.

२०१५ मध्ये अबेबेचं कुटुंब न्यायालयात गेलं. परवानगी न घेता नाव वापरलं, ही त्यांची तक्रार. पुढच्या वर्षी दावा फेटाळला गेला. कारण काय, तर बुटाची माहिती आधीच मिळूनही कुटुंबाने दावा करायला उशीर लावला. अक्सुमचा स्तंभ इटलीने २००५ साली इथिओपियाला परत केला होता. नावाच्या बाबतीत कुटुंबाच्या हाती त्या निकालाने काही आलं नाही.

तुम्ही असे बूट घेणार असाल तर

बिकिला हे नाव बुटावर छापता येतं, पण त्याचे तळवे बुटासोबत मिळत नाहीत. ते २०-२५ वर्षांत तयार झाले होते. आपण लहानपणापासून जाड तळाच्या बुटात वावरलो असू, तर घाई महागात पडते. २०१३ साली अमेरिकेत ३६ धावपटूंवर १० आठवडे अभ्यास झाला. पातळ बुटांकडे वळलेल्या गटात अनेकांच्या पायाच्या हाडांत सूज दिसली. हाडाला तडा जाण्याची सुरुवात अशी होऊ शकते.

त्यामुळे बूट घेताना हे बघा:

– संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडे सुजतात, तेव्हाचं माप खरं.
– उभं राहून बघा. सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी आणि बोटं आत पसरता आली पाहिजेत.
– टाच आणि पंजा एकाच पातळीवर हवेत. बूट हाताने सहज वाकला पाहिजे.
– दुकानातच कुठे टोचत असेल तर घेऊ नका. ‘वापरून सैल होईल’ यावर जाऊ नका.

घेतल्यावर पहिले काही आठवडे ते घालून फक्त चाला. मग नेहमीच्या पळण्यातली दोन-चार मिनिटं त्यात पळा आणि हळूहळू वेळ वाढवा. सुरुवातीला पोटऱ्या दुखणं साहजिक आहे. पंजाच्या वरच्या बाजूला किंवा टाचेच्या शिरेत दुखलं तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झाली असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा प्रयोग नको.

आपल्याकडे मिलिंद सोमणला अनवाणी पळताना बघून अनेकांना हुरूप येतो. हुरूप चांगलाच, पण आपल्या रस्त्यांवर काचा, खिळे आणि उन्हाने तापलेलं डांबरही असतं, हे विसरू नका.

अबेबे १६ मॅरेथॉन पळाला आणि त्यातल्या १२ जिंकला, काही अनवाणी, काही बूट घालून. रोमला चावणारे बूट त्याने काढून ठेवले, टोकियोला बसणारे बूट घातले. दुकानात गेल्यावर डब्यावरचं नाव वाचण्याआधी त्याच्यासारखं आपल्या पायाला विचारलेलं बरं.