मोकळें प्यादें : होसे राउल कापाब्लांका

बुद्धिबळाच्या पटावर प्याद्याइतकें अल्पबळाचें मोहरें दुसरें नाहीं. तथापि ज्याच्या समोरच्या व शेजारच्या पट्ट्यांत त्यास अडविणारें शत्रूचें एकही प्यादें उरलेलें नाहीं, असें मोकळें प्यादें पटाच्या पैल टोकास पोंचलें म्हणजे त्याचा वजीर होतो. परंतु मोकळें प्यादें मिळणें निराळें आणि त्याच्या बळावर डाव जिंकणें निराळें. हें दुसरें काम कसें करावें हें ज्यानें जगास दाखविलें, आणि ज्याचें जगज्जेतेपद अखेर अशाच एका प्याद्यापायीं गेलें, त्या होसे राउल कापाब्लांकाचें चरित्र मनन करण्याजोगें आहे.

त्याचा जन्म ता. १९ नोव्हेंबर १८८८ रोजीं क्यूबा बेटांतील हवाना शहरीं झाला. वडील स्पॅनिश सैन्यांत अधिकारी होते. चार वर्षांचा असतां त्यांचा खेळ नुसता पाहूनच तो खेळावयास शिकला, असें सांगतात. १९०१ सालीं, वयाच्या तेराव्या वर्षाच्या सुमारास, त्यानें क्यूबांतील अग्रगण्य खेळाडू हुआन कोर्सो यास सामन्यांत हरविलें. पुढें न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत त्यानें नांव घातलें. पण मनाचा ओढा पटाकडे असल्यामुळें तें शिक्षण अपुरेंच राहिलें. १९०९ सालीं अमेरिकेचा नामांकित खेळाडू मार्शल याच्याशीं झालेल्या सामन्यांत त्यानें ८ डाव जिंकले व एकच गमाविला. १९१३ सालीं क्यूबा सरकारनें त्यास परराष्ट्र खात्यांत नेमिलें. १९२१ सालीं हवाना येथें, २७ वर्षें जगज्जेता असलेल्या लास्करला त्यानें एकही डाव न गमावितां जिंकिलें. नवशिक्यानें आधीं डावाची अखेर शिकावी, असें त्याचें मत होतें. कारण पटावर मोहरीं थोडीं उरलीं म्हणजे प्रत्येकाचें खरें बळ कळूं लागतें.

१९२४ सालच्या न्यूयॉर्क स्पर्धेंत त्याची कसोटी लागली. आठ वर्षें अजिंक्य राहिलेल्या कापाब्लांकाला तेथें रेटीनें हरविलें. त्यानंतर तार्ताकोवरशीं झालेल्या डावांत अखेरीस उभयतांपाशीं एकेक हत्ती व पांच पांच प्यादीं उरलीं. बळ समसमान, पण कापाब्लांकाचें एक प्यादें मोकळें होतें. उलटपक्षीं, तार्ताकोवरचा हत्ती पटाच्या दुसऱ्या बाजूच्या प्याद्यांवर चालून आला होता. सामान्य खेळाडू तीं प्यादीं राखीत बसला असता. कापाब्लांकानें आपला राजाच पुढें काढिला! एक प्यादें शहासह मारलें गेलें, मागोमाग दुसरेंही गेलें. परंतु राजा शत्रूच्या मुलखांत शिरून मोकळ्या प्याद्याशेजारीं उभा राहिला. वाटेंतील शत्रूचें प्यादें मारण्याचा मोहही त्यानें तूर्त आवरिला. त्याचा हत्ती सातव्या ओळींत ठाण मांडून होता व शत्रूचा राजा शेवटच्या ओळींत कोंडला गेला होता. आतां तार्ताकोवरच्या हत्तीस आपल्या राजाच्या रक्षणार्थ परतणें भाग पडलें. गेलेल्या प्याद्यांची भरपाई झाली आणि ५२ व्या खेळीस कापाब्लांकानें डाव जिंकिला.

तीन वर्षांनीं, १९२७ सालीं, ब्वेनोस आयरेस येथें अलेखाइननें त्यास आव्हान दिलें. अलेखाइननें तोंवर त्याच्याविरुद्ध एकही डाव जिंकिला नव्हता, म्हणून निकालाविषयीं फारसा कोणास संशय नव्हता. पण आव्हानवीरानें कापाब्लांकाच्या डावांचा कसून अभ्यास केला होता. कापाब्लांकाची तयारी तशी नव्हती. सामना ३४ डावांपर्यंत लांबला. शेवटच्या डावांत अलेखाइनपाशीं पटाच्या कडेला एक मोकळें प्यादें होतें. त्यानें आपला हत्ती त्याच्या पाठीशीं उभा केला. कापाब्लांकाचा हत्ती त्यास अडवीत समोर अडकून पडला. पुढें राजाही त्याच कामीं गुंतला, तेव्हां अलेखाइनचा राजा पटाच्या दुसऱ्या बाजूस जाऊन तेथील प्याद्यांवर तुटून पडला. तहकूब झालेला तो डाव कापाब्लांका पुन्हां खेळावयास बसला नाहीं. पत्रानें त्यानें हार मान्य केली. गेलेलें पद परत मिळविण्याचा सामना त्यास कधींच लाभला नाहीं. १९३६ सालीं मॉस्को येथें त्यानें पहिला क्रमांक मिळविला, परंतु जगज्जेतेपद दूरच राहिलें. ता. ८ मार्च १९४२ रोजीं न्यूयॉर्क येथें, वयाच्या ५३ व्या वर्षीं, त्याचें देहावसान झालें.

विद्यार्थिमित्रहो, ईश्वरदत्त बुद्धि हें मोकळ्या प्याद्यासारखें आहे. शुभवर्तमानांतील ज्या चाकरानें धन्याचें धन जमिनींत पुरून ठेविलें, त्यानें तें उधळलें नव्हतें. तरी तो दोषी ठरला. प्यादें मोकळें आहे एवढ्यावर संतोष मानणाऱ्याची गत तीच. त्याच्या पाठीशीं अभ्यासाचा हत्ती हवा, वेळप्रसंगीं लहानसहान लाभ सोडून देण्याचें धैर्य हवें आणि राजानें स्वतः पुढें होऊन त्याच्याबरोबर चालावयास हवें. हें कापाब्लांकाच्या विजयानें शिकविलें. त्याच्या पराभवानें तर अधिकच शिकविलें.